गाठोड्यातली गोधडी अंगावर येईपर्यंत: घरचं शिवणकाम मार्गी लावायची एक पद्धत

मराठवाड्यात जुन्या लुगड्यांचं गाठोडं नसलेलं घर विरळाच. कुठे ते माळ्यावर असतं, कुठे दिवाणात, कुठे पत्र्याच्या पेटीत. सासूबाईंची इरकली, आईचं नारायणपेठी, लेकरांचे झबले, धोतराचे धडपे, सगळं ‘एकदा निवांत बसून गोधडी शिवू’ म्हणून ठेवलेलं. शेजारीच अर्धवट कामांचा दुसरा ढीग असतो: हुक न लावलेला ब्लाउज, फॉल सुटलेली साडी, एका बाजूनेच दुमडलेला पडदा.

गल्लीतल्या बायकांबरोबर शिवायला बसते तेव्हा मला एक गोष्ट नेहमी दिसते. कापड असतं, हात चालतो, दुपारचा तासभर वेळही निघतो. काम अडतं ते हातात घेतल्यावर. कुठवर आलं होतं, पुढे काय करायचं होतं, तो दोरा कुठे गेला, हे शोधण्यात तो तास जातो आणि गाठोडं पुन्हा बांधलं जातं. म्हणून या लेखातली सगळी मांडणी एका गोष्टीसाठी आहे. कोणतंही काम उचललं की पहिला टाका कुठे घालायचा, हे आधीच ठरलेलं असावं.

आधी गाठोडं सोडा

हे काम एका सकाळी उरकायचं आणि एकटीने करायचं नाही. सोबतीला जाऊ, नणंद, मुलगी कुणीही चालेल, कारण प्रत्येक कापडाला आठवण चिकटलेली असते आणि एकटीच्या हातून काहीच बाजूला पडत नाही.

प्रत्येक जुनेर, म्हणजे जुनं वापरलेलं कापड, खिडकीत किंवा दारात उजेडासमोर उघडून धरा. धड कापडातून उजेड सारखा गाळून येतो. विरलेल्या जागी तो एकदम पांढरा दिसतो आणि आडवे धागे एकमेकांपासून सरकलेले असतात. नऊवारी काष्ट्याच्या जागी आधी विरते, पाचवारी खालच्या घोळाला आणि निऱ्यांच्या दुमडीवर. विरलेल्या भागावर दोन्ही अंगठे जवळजवळ ठेवून हलकेच ताणा. चर्रर्र आवाज आला तर तो भाग गोधडीत घालू नका. वरून कितीही टाके मारले तरी आतून तो फाटतच जातो, आणि दोन धुण्यांत गोधडीत पोकळ जागा आणि गुठळ्या होतात. पण एका पट्ट्यासाठी अख्खं लुगडं टाकायचं कारण नाही. विरलेलं कापून काढा आणि धड भागांना दंड घाला, म्हणजे ते कडेला कड लावून जोडून शिवा. आपल्या आज्या तर नेसायची लुगडीसुद्धा दंड घालून वापरायच्या.

आता सुती कोणतं आणि बनावट धाग्याचं कोणतं, ते वेगळं करा. हाताला कळलं नाही तर कापडाच्या कडेचे चार धागे ओढून ताटलीत ठेवा आणि काडी लावा. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी होतो. गोधडीच्या आतल्या थरांत सुतीच हवं. पॉलिस्टर घाम शोषत नाही, थरांमध्ये सरकतं, आणि एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर अंथरलेली तशी गोधडी अंगाला चिकटते. नांदेड-परभणीचा हा मुलूख एके काळी गावरान कपाशीसाठी ओळखला जायचा. आजही शेतात कपाशी उभी असते आणि कपाटात मात्र सुती जुनेर शोधावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून घरात असलेलं सुती जपून वापरा. पायपुसण्यासाठी ते फाडू नका. पायपुसणं पॉलिस्टरचंही चालतं.

तिसरी तपासणी रंगाची. पांढऱ्या कापडाचा बोळा ओला करून लुगड्यावर जोरात घासा. रंग उतरला तर ते जुनेर फिक्या कापडाशेजारी लावू नका. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नका. लाल आणि गडद निळ्याच्या बाबतीत मी विशेष सावध असते. रंग जाणारं कापड दोनचारदा धुऊन पाहावं आणि तरीही उतरत असेल तर वेगळ्या पिशवीत ठेवावं.

पैठणी, हिमरू, जरीचा शालू यांना कात्री लावू नका. त्यांच्या घड्या मलमलच्या कापडात बांधून वेगळ्या ठेवा.

निवडलेलं सगळं एकदा धुऊन घ्या. सुती कापड धुण्यात आटतं, आणि नवं-जुनं एकत्र शिवलं तर पहिल्या धुण्यात नवं आटून जुन्याला सुरकुत्या पाडतं. फॉल उसवून काढा. खळ पूर्ण जाऊ द्या, कारण खळीवर कसर येते. वाळल्यावर इस्त्री करा आणि सरळ घड्या घाला.

अर्धवट कामांचा हिशेब

आता दुसरा ढीग. घरातलं प्रत्येक अर्धवट काम वहीच्या एका पानावर उतरवा. लाज वाटेल इतकी मोठी यादी झाली तरी उतरवा. मग प्रत्येक कामासमोर एकच गोष्ट लिहा: पुढची कृती काय. ‘ब्लाउज पूर्ण करणे’ असं लिहून उपयोग नाही. ‘डाव्या पट्टीला पाच हुक लावणे’ असं लिहा. ‘पडदा’ असं न लिहिता ‘खालून तीन इंच दुमडून टाचण्या लावल्या आहेत, मशीन मारणे’ असं लिहा.

मग प्रत्येक कामाला स्वतंत्र पिशवी द्या. साडीच्या दुकानातून मिळणाऱ्या कापडी किंवा पारदर्शक पिशव्या चांगल्या. त्या पिशवीत त्या कामाला लागणारं सगळं एकत्र हवं: कापड, जुळणारा दोरा, हुक, मापाचा ब्लाउज, आणि वर पुढच्या कृतीची चिठ्ठी. माझ्या मते पूर्ण व्यवस्थेत ही चिठ्ठीच सगळ्यात महत्त्वाची. काम थांबवताना आणखी दोन टाके घालण्यापेक्षा ती दोन मिनिटं चिठ्ठी लिहायला द्या. स्वयंपाकघरातून हाक आली आणि चिठ्ठी राहिली, तर निदान सुई पुढच्या टाक्याच्या जागी टोचून मोबाईलवर फोटो काढा.

पिशव्यांचे तीन गट करा. अर्ध्या तासात होणारी कामं एकीकडे: हुक, बटण, उसवलेली शिवण, काजं. ही गॅसवर डाळ शिजत असताना होतात. मशीनवर करायची कामं दुसरीकडे, म्हणजे एकदा मशीन मांडलं, तेल घातलं, बॉबीन भरली की एका बैठकीत सगळ्या पिशव्या हातावेगळ्या होतात. तिसऱ्या गटात लांबणारी कामं, म्हणजे गोधडी, दुपटं, कशिद्याचा अभ्रा.

वर्षभर हात न लागलेल्या कामाचा फैसला त्याच दिवशी करा. करायचं असेल तर चिठ्ठी. करायचं नसेल तर उसवून कापड जुनेरात टाका. आणि एका वेळी एकच गोधडी उघडी ठेवा. पुढच्या गोधडीचं कापड निवडून ठेवायला हरकत नाही, पण पहिलीचे टाके पूर्ण होईपर्यंत दुसरीला कात्री लावायची नाही. या नियमावर मी हट्टी आहे.

जागा आणि साहित्य

वेगळी खोली लागत नाही. एक पत्र्याची पेटी किंवा दिवाणातला एक कप्पा जुनेरासाठी, एक टोपली चालू कामासाठी, आणि एक डबा साहित्यासाठी, एवढं पुरतं. टोपली डोळ्यांसमोर हवी. माळ्यावर गेलेलं काम वर्षभर खाली येत नाही.

डब्यात मोठ्या नेढ्याच्या सुया, दाभण, अंगुस्तान, टेलरचा खडू, मोजपट्टी, लहान कात्री आणि मेणाचा तुकडा ठेवा. कापडाची कात्री वेगळी ठेवून घरात सगळ्यांना बजावून सांगा, कारण कागद कापून तिची धार बोथट होते. दोरा सुती घ्या आणि एका गोधडीला पुरेल इतका एकदम घ्या. पुढच्या वेळी तीच छटा मिळेल असं नाही.

सुयांची मोजदाद ठेवा. मला ही बाब फार गंभीर वाटते, कारण याच गोधडीवर लेकरं लोळणार असतात. बसताना जितक्या सुया काढल्या तितक्या उठताना परत लागल्याच पाहिजेत. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक डब्यात ठेवा, आणि एखादी सुई कमी भरली तर ते पूर्ण गोधडीवर फिरवल्याशिवाय गोधडी उचलू नका.

गोधडीचं गणित

हा भाग बहुतेकजणी अंदाजाने करतात आणि कापड कमी पडतं. एकदा नीट मांडून पाहू.

दोन माणसांना पुरणारी गोधडी साधारण ५ फूट रुंद आणि ७ फूट लांब, म्हणजे ६० बाय ८४ इंच. आजकालची पाचवारी साडी सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते आणि तिचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४४-४५ इंच. पन्हा गोधडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. साडीचे ६२ इंचांचे तुकडे पाडा. असे दोन तुकडे पन्ह्याच्या कडेला कड लावून जोडले की ६२ बाय सुमारे ८८ इंचांचा एक पूर्ण थर मिळतो. एका साडीत असे तीन तुकडे निघतात आणि ३० इंच उरतं. म्हणजे दोन पाचवारी साड्यांत तीन थर. नऊवारी ९ वार, म्हणजे ३२४ इंच, त्यात पाच तुकडे निघतात. एक नऊवारी आणि एक पाचवारी मिळून आठ तुकडे, म्हणजे चार थर होतात. विरलेला भाग निघाला तर तेवढा हिशेब कमी करा.

थर किती घालायचे हे वापरावर ठरवा. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला आणि पावसाळ्यात पांघरायला तीन थर पुरे. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो. त्या थंडीसाठी पाच थर घाला. त्याहून जाड करू नका. जाड गोधडीत सुई आरपार जात नाही, टाका एकाच बाजूला दिसतो, मनगट दुखतं, आणि धुताना तर हालच होतात. जास्त ऊब हवी असेल तर पाच थरांच्या एका गोधडीऐवजी तीन थरांच्या दोन शिवाव्यात. थंडीत दोन्ही एकावर एक घेता येतात.

पहिल्यांदा शिवणाऱ्यांनी दुपट्यापासून सुरुवात करावी. ३६ बाय ३६ इंचांचं, मऊ धोतराच्या दोन-तीन थरांचं दुपटं मोठ्या गोधडीच्या चौथ्या हिश्श्याइतकं काम मागतं. बारसं समोर असलं की ते पूर्णही होतं. दुपट्याला जर, टिकल्या, आरसे लावू नका, आणि दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत लपवा.

वरचा थर

इथे मन लावून वेळ घालवा, कारण गोधडीला रूप येतं ते इथेच.

प्रत्येकीच्या कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांची चळत असते. ती यासाठी उत्तम, फक्त सुती निवडा. टू बाय टूचं कापड चांगलं बसतं. ६ इंचांचे चौकोन ठरवले तर ६० बाय ८४ इंचांच्या गोधडीत आडवे १० आणि उभे १४, मिळून १४० चौकोन लागतात. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच सोडायचा म्हणून चौकोन ७ इंचांचा कापावा. ८० सेंटिमीटर लांब आणि ३५ इंच पन्ह्याच्या ब्लाउजपिसात असे २० चौकोन बसतात. म्हणजे सात ब्लाउजपिसांत वरचा थर पुरा होतो. चौकोन लहान केले की काम भराभर वाढतं: ४ इंचांच्या चौकोनांना हेच क्षेत्र भरायला ३१५ तुकडे लागतील. पहिल्या गोधडीला ६ इंचच ठेवा.

पुठ्ठ्याचा एक नेमका ७ इंचांचा चौकोन कापा आणि सगळे तुकडे त्यावरूनच आखा. आधी कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आखला तर दर वेळी खडूच्या रेषेएवढी चूक वाढत जाते, आणि चौदाव्या ओळीत एक बोट फरक पडलेला असतो. कापडाचा उभा धागा पुठ्ठ्याच्या कडेला समांतर ठेवा. तिरका कापलेला तुकडा ताणला जातो.

जोडण्याआधी सगळे चौकोन फरशीवर मांडा आणि खुर्चीवर उभं राहून पाहा. गडद रंग एका कोपऱ्यात गोळा झाले असतील तर तिथून लगेच कळतं. मनासारखी मांडणी झाली की फोटो काढा. मग एकेका आडव्या ओळीतले दहा चौकोन क्रमाने एकावर एक रचून टाचणी लावा आणि वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी टोचा. आता तुमच्याकडे चौदा लहान गड्ड्या आहेत. रोज एक गड्डी मशीनवर जोडायला वीस मिनिटं पुरतात. पाहुणे आले, लाइट गेली, तरी काही विस्कटत नाही.

ओळी जोडताना शिवणीची शिल्लक एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे इस्त्रीने दाबा. त्यामुळे चार कोपरे जिथे मिळतात तिथे गठ्ठा होत नाही आणि हाताची सुई तिथून सहज जाते. मशीनला १४ नंबरची सुई पुरते. जाड सुती असेल तर १६ नंबरची.

नक्षी कुठे पाहायची असं कुणी विचारलं की मी तांड्यावरच्या लमाण बायकांचं कशिदाकाम पाहायला सांगते. धागे मोजून टाकलेले त्यांचे चौकोन, त्रिकोण आणि नागमोडी पट्टे गोधडीच्या तुकड्यांत फार सुंदर उतरतात.

थर अंथरणं आणि कच्चे टाके

याला दोघीजणी लागतात. फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात खालचा थर उलट्या बाजूने अंथरा, चारही कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, पाण्याने भरलेला तांब्या असं काही जड ठेवा. कापड ताठ हवं, पण ताणलेलं नको. त्यावर मधले थर. मधल्या थरांचे दंड एकावर एक येऊ देऊ नका. एक थर थोडा वर, एक थोडा खाली सरकवा, नाहीतर मधोमध एक जाड कण्यासारखी रेघ राहते आणि झोपताना पाठीला टोचते. वरचा थर ठेवल्यावर हाताचा तळवा मधून कडेकडे फिरवत प्रत्येक सुरकुती बाहेर काढा.

आता वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्चे टाके, म्हणजे शेवटी उसवायचे तात्पुरते टाके. आधी मधून उभी आणि आडवी ओळ, मग दोन्ही बाजूंना एकेक वीत अंतरावर ओळी, शेवटी चारही कडा. टाका बोटभर लांब चालतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि याच ठिकाणी घाई होते. आपल्याकडे टाके कडेपासून सुरू करून गोल गोल आत नेण्याची पद्धत आहे, कारण चारही बाजूंनी बायका बसू शकतात. त्या पद्धतीत कापडातली सगळी ढील मधे गोळा होते आणि कच्चे टाके विरळ असतील तर मधोमध फुगा येतो. एकटी शिवत असाल तर सरळ मधल्या ओळीपासून सुरू करून बाहेर जा. ते जास्त निर्धोक आहे. चौघी मिळून शिवणार असाल तर कडेपासून आत या, पण कच्चे टाके वितीऐवजी चार बोटांवर घाला.

रोज दोन ओळी

कच्चे टाके झाल्यावर गोधडीची गुंडाळी करता येते, टोपलीत ठेवता येते, वाटेल तेव्हा उघडता येते. इथून पुढे फक्त धावदोरा, म्हणजे साधा वर-खाली जाणारा टाका.

दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नका. लांब दोऱ्याला पीळ पडतो, गाठी बसतात आणि शेवटी तो झिजून तुटतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घ्या. गाठ थरांच्या मधे जाईल अशी सुई घाला. डावा हात गोधडीच्या खाली ठेवा. सुईचं टोक खालच्या बोटाला हलकंसं लागलं की ती आरपार गेली असं समजायचं आणि लगेच वर वळवायची. तीन-चार टाके सुईवर चढले की एकदम दोरा ओढा. ओढ इतकीच की कापड दबेल, चुण्या पडणार नाहीत. इंचाला दोन-तीन टाके आणि ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तर गोधडी मऊ राहते आणि टिकतेही. ओळ सरळ येण्यासाठी दोऱ्याला खडू चोळून दोघींनी ताठ धरायचा आणि मधे टिचकी मारायची. रेघ उमटते, धुतल्यावर जाते.

एका इंचाच्या अंतराने उभ्या ओळी घातल्या तर ५ बाय ७ फुटांच्या गोधडीत ६० ओळी होतात, प्रत्येक ७ फुटांची. म्हणजे जवळजवळ १२८ मीटर लांबीचं शिवण. दुमड आणि गाठी धरून दोरा दीडशे मीटरच्या पुढे धरावा, दुपदरी शिवलं तर त्याच्या दुप्पट. हात बसल्यावर एका ओळीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रोज दोन ओळी झाल्या तर गोधडी महिन्यात पूर्ण होते.

कामाचं माप तासांऐवजी ओळींत ठेवा. ‘आज तासभर बसायचं’ ठरवलं की तो तास कधी सलग मिळत नाही. दोन ओळी मात्र एक सकाळी आणि एक संध्याकाळी करूनही होतात. उठताना पुढच्या ओळीची खडूची रेघ मारून, सुईत दोरा ओवून ठेवा. दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर टाका पडतो. गोधडीच्या कोपऱ्याला चिठ्ठी टोचून पूर्ण झालेल्या ओळींसमोर खुणा करत जा. खुणा वाढताना पाहून हुरूप येतो, आणि घरातली इतर माणसंही विचारू लागतात की आज किती झाल्या.

उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून यावा. काळ्या-निळ्या कापडावरच्या ओळी दिवसाउजेडी, फिक्या कापडावरच्या रात्री बल्बखाली. चाळिशी लागली असेल तर नेढ्याशी झगडू नका. सकाळी एकदाच आठ-दहा सुयांत दोरा ओवून सुया टोचायच्या छोट्या गादीत टोचून ठेवा. दर ओळीनंतर उठून चार पावलं चाला.

मशीनवरही टाके घालता येतात: १६ नंबरची सुई, लांब टाका, आणि तीनच थर. वेळ वाचतो, पण मशीनची गोधडी हाताच्या गोधडीसारखी मऊ पडत नाही. रोजच्या वापराला मशीन, लेकराला किंवा लेकीच्या रुखवतात द्यायला हात, अशी विभागणी मला पटते.

टाके संपल्यावर कडा कापून सरळ करा आणि गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी, लावा. घेर २८८ इंच, म्हणजे ८ वार होतो. फाटक्या सुती साडीचे दोन्ही काठ मिळून ११ मीटर निघतात, त्यात गोट आरामात होतो. जरीचा काठ गळ्याला घासतो, तो टाळा. कच्चे टाके सगळ्यात शेवटी उसवा.

वर्षाची आखणी

आपल्या हवामानाशी आणि शेतीशी जुळवून घेतलं तर ओढाताण होत नाही. ज्वारी काढून झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये गाठोडं सोडा, कापडं धुवा, ऊन दाखवा. चौकोन कापून जोडून घ्या. एप्रिल-मेमध्ये शेतातलं काम कमी असतं आणि मोठी गोधडी याच दिवसांत होते. दुपारी मांडीवर गोधडी घेणं अशक्य होतं, तेव्हा ओळी पहाटे किंवा दिवेलागणीनंतर घाला.

जून ते सप्टेंबर लहान कामांचे. दुपटी, पिशव्या, अभ्रे, दुरुस्त्या. सुया गंजू नयेत म्हणून कोरड्या डबीत पावडर घालून ठेवा. महालक्ष्म्यांच्या आधी घरात ब्लाउज, फॉल, तोरणं यांची गर्दी होते. त्या पंधरा दिवसांत गोधडीला हात लावायचा नाही हे आधीच ठरवा, म्हणजे मनाला टोचणी राहत नाही. ऑक्टोबरच्या कडक उन्हात जुन्या गोधड्या बाहेर काढून वाळवा. कापूस वेचणीला जाणाऱ्या घरांत दिवाळीपर्यंत शिवणकामाची अपेक्षाच ठेवू नये. लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळ अमावस्या) झाली की थंडी जोरात असते. गोधडी तोवर अंगावर असायला हवी.

एकटीने कंटाळा येत असेल तर ओसरीवर किंवा ढाळजेत आठवड्यातून एक दुपार चौघीजणी बसा. प्रत्येकीने आपली टोपली आणायची, पण महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकीच्याच गोधडीला हात लावायचा. चौघी चार बाजूंना बसल्या की एका दुपारी पंधरा-वीस ओळी सहज पडतात. टाक्याची लांबी मात्र आधी ठरवून घ्या, नाहीतर एकीचे टाके गव्हाएवढे आणि दुसरीचे बोटभर येतात. आज्यांना मुद्दाम बोलवा. त्यांना सुईत दोरा ओवता येत नसेल, पण कुठे कापड ढिलं पडतंय हे त्या हात फिरवून सांगतात.

धुणं, ठेवणं, दुरुस्ती

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याची अशी तंगी पाहिलेल्या भागात गोधडी वारंवार धुणं शक्य नाही, आणि गरजही नाही. पांघरलेली गोधडी दर पंधरवड्याला उन्हात टाकून झटकली तर धुणं दोन-तीन महिन्यांवर नेता येतं. उन्हात टाकताना उलटी बाजू वर ठेवा, रंग उडत नाही. पातळ गोधड्या कराव्यात असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण: ओली गोधडी कोरडीच्या दुपटीहून जास्त जड होते, कमी पाण्यात साबण निघत नाही, आणि पिळताना टाके तुटतात. धुतल्यावर पिळू नका. घडी घालून दगडावर दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर पसरून टाका, म्हणजे सगळा भार एकाच रेषेवर येत नाही.

ठेवताना गोधडी पूर्ण वाळलेली हवी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, जुन्या सुती चादरीत बांधा. वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत घालून मधे ठेवा आणि वर्षातून एकदा बदला. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घाला, नाहीतर घडीच्या रेषेवर कापड विरतं.

टाका तुटला की त्याच आठवड्यात दुरुस्त करा. एक ओळ वीतभर सुटली की आतला थर सरकू लागतो. सुटलेल्या टोकाच्या दोन बोटं आधीपासून नवा टाका सुरू करा आणि दोन बोटं पुढे न्या. कापड फाटलं असेल तर ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं मोठं घ्या, कडा आत दुमडा, आणि ठिगळावरून गोधडीच्या मूळ ओळी तशाच पुढे न्या. वरचा थर पूर्ण विरला आणि आतले थर धड असतील, तर गोधडी उसवू नका. तिच्यावर एक सुती साडी नवा थर म्हणून घाला आणि दोन इंचांच्या अंतराने टाके मारा. जुन्या गोधड्या अशाच वर्षानुवर्षं चालतात.

आजारपण, लग्नकार्य, बाळंतपण यात दोन-तीन महिने खंड पडला, तर परत बसताना जिथे थांबलात तिथून सुरू करण्याआधी गोधडी फरशीवर पूर्ण अंथरा. कच्चे टाके कुठे तुटलेत ते पाहून तेवढेच पुन्हा घाला, सुया मोजा, चिठ्ठी वाचा. पहिल्या दिवशी एकच ओळ घाला, आणि उठण्याआधी दुसऱ्या ओळीची रेघ आखून ठेवा.